सीबिस्किट नावाच्या अमेरिकन रेसच्या घोड्यावरचा ‘सीबिस्किट’ (२००३) हा चित्रपट काहींना जबरदस्त वाटतो, तर काहींना रटाळ. असं का? बघावा का?

रटाळ म्हणणारे बहुतेक जण रेस बघायला बसलेले असतात. हा चित्रपट घोड्याचा कमी आणि तीन मोडलेल्या माणसांचा (मालक, प्रशिक्षक, जॉकी) जास्त आहे. घोडा पडद्यावर यायलाच बराच वेळ लागतो. तेवढा धीर असेल तर आवडतो, नसेल तर नाही. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण याच प्रश्नावरून आमच्या घरात जे रामायण झालंय ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझे थोरले दीर स्वतःच्या मते घोड्यांचे जाणकार. आम्ही सगळे मिळून बघत होतो आणि भाऊजी हातात फोन घेऊन. सीबिस्किटचा मालक हॉवर्ड मोटारी विकून गब्बर होतो आणि त्याचा मुलगा गाडीच्याच अपघातात जातो. जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, “त्याला आणखी मुलगे होते. इथे एकुलता एक दाखवलाय.” बरोबर आहे. पण ती वेळ होती का ते सांगायची?

मग प्रतिस्पर्धी घोडा वॉर ॲडमिरल आला. १९३७चा ट्रिपल क्राउन विजेता, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या रेस एकाच वर्षी जिंकलेला. चित्रपटात तो सीबिस्किटपुढे राक्षस वाटतो. प्रत्यक्षात दोघांच्या उंचीत नावापुरताच फरक होता. भाऊजींनी तेही वाचून दाखवलं आणि ‘सगळं बनावट’ असा निकाल दिला. मी म्हटलं, “भाऊजी, चूक काढायचीच तर नीट काढा. सीबिस्किटचा बाप हार्ड टॅक आणि वॉर ॲडमिरल हे दोघेही मॅन ओ’ वॉर या घोड्याचे मुलगे. म्हणजे हा काका-पुतण्याचा सामना! उंची कसली मोजताय?” त्यावर, “तुला काय कळतंय रेसमधलं?” तेव्हापासून हे प्रकरण पेटलंय.

आता सीबिस्किट आणि वॉर ॲडमिरलच्या त्या सामन्याबद्दल, कारण लोकांची मतं फुटतात ती मुख्यतः तिथेच. घंटा वाजते, घोडे सुटतात आणि पडद्यावर एकदम कृष्णधवल फोटो येतात: रेडिओभोवती जमलेली माणसं, कान लावून. कानावर फक्त समालोचन. भाऊजी उसळले, “ज्याच्यासाठी एवढा वेळ बसवलं तीच रेस दाखवत नाहीत!” अहो, दाखवतात की पुढे. पण पिम्लिको रेसकोर्सवरचा तो सामना १ नोव्हेंबर १९३८ला, मंगळवारी झाला. मंदीने पिचलेल्या बहुतेक अमेरिकेने तो बघितला नाही, ऐकला. आपल्यालाही दिग्दर्शक आधी ऐकायला लावतो. मला तर तो चित्रपटातला सगळ्यात हुशार क्षण वाटतो. ज्यांना तो खटकतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही. (भाऊजी सोडून.)

आणि त्या रेसमधली मेख कुणी बघतच नाही. पाय मोडून पडलेला सीबिस्किटचा जॉकी पोलार्ड त्याच्या जागी बसणाऱ्या वुल्फला सांगतो की वॉर ॲडमिरलला बरोबरीला येऊ दे, आपल्या घोड्याला त्याच्या डोळ्यात बघू दे. पुढे निघालेला घोडा मुद्दाम थोपवायचा! हा पटकथेचा मसाला नव्हे, पोलार्डने खरोखरच तो सल्ला दिला होता. वुल्फच्या भूमिकेत गॅरी स्टीव्हन्स आहे, तोही खराखुरा जॉकी. खोगिरावरची त्याची बैठक बघा, नटाला तशी साधत नाही. ‘बनावट’ म्हणणाऱ्यांनी हे कुठे वाचलं नसावं.

“सात नामांकनं आणि एकही ऑस्कर नाही,” हा भाऊजींचा पुढचा बाण. त्या वर्षी एकाच चित्रपटाने ११ ऑस्कर उचलली, बाकीच्यांना काय उरणार होतं?

चित्रपटाचं खरं दुखणं वेगळंच आहे: निवेदन. मंदी म्हणजे काय, लोकांचं काय झालं, हे एक भारदस्त आवाज अधूनमधून शाळेत शिकवल्यासारखं सांगत राहतो. तो निम्मा कापला असता तर रटाळ म्हणणारे बरेच कमी झाले असते. पण लांबी कमी करायची म्हणून आईबाप लहानग्या पोलार्डच्या हातात पुस्तकं देऊन त्याला परक्यांकडे सोडून जातात तो प्रसंग कापा म्हणणाऱ्यांपुढे मात्र मी हात टेकले. तो काढलात तर पोलार्ड एवढा चिडका का, हे कळणार कसं?

तर बघा. दोन तासांहून मोठा आहे, सवडीने बसा. लहान मुलं सोबत असतील तर मेक्सिकोतल्या तिहुआना शहरातला वेश्यागृहाचा प्रसंग येतो, आणि पोलार्डचा अपघातही अंगावर येणारा आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. शेजारी फोनवाला जाणकार बसणार असेल तर फोन आधी काढून घ्या.

आणि भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. तुम्ही अजून प्रत्येक लग्नकार्यात सांगता की पिम्लिकोला सीबिस्किट नाकभर अंतराने जिंकला आणि सिनेमावाल्यांनी ते फुगवलं. नाकभर अंतराने तो १९३७मध्ये सांता ॲनिटा रेसकोर्सवर हरला होता, रोझमाँट या घोड्याकडून. पिम्लिकोला जिंकला तो चार लेंग्थनी, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीने. फोन हातातच असेल, बघून घ्या.