मोतीनं चिंच खाल्ली, त्याची गोष्ट

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडं अंगणात चिंचा फोडायचं चालू आहे. काल आमच्या कुत्र्यानं, मोतीनं, मीठ लावून ठेवलेला लिंबाएवढा गोळा गट्टम केला. रात्री दोनदा ओकला, सकाळपासून गुमान पडून आहे. सासूबाई म्हणतात, "चिंचंनं काय होतंय, लेकरं खातेतच की." दवाखान्यात न्यावं का?
— एक वाचक, औसा

उत्तर : ताई, तुमचा मेसेज आला तेव्हाच फोन करून "आत्ता निघा" म्हणालो होतो. छापतोय ते बाकीच्यांसाठी.

चिंचेनं कुत्र्याची किडनी जाऊ शकते, हे परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाते, हे अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रानं 2001 मध्ये मांडलं. पण एखादं कुत्रं मूठभर द्राक्षं पचवायचं आणि दुसरं थोडक्यात आडवं व्हायचं. का, ते कळेना. मग एका कुत्र्यानं लेकरांच्या खेळण्यासाठी घरी मळलेला कणकेचा गोळा खाल्ला. त्यात क्रीम ऑफ टार्टार (टार्टरिक आम्लापासूनची, बेकिंगला वापरतात ती पांढरी पूड) होतं, आणि लक्षणं हुबेहूब द्राक्षांची! 2021 मध्ये त्याच केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टरिक आम्लावर बोट ठेवलं. द्राक्षात ते जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमीजास्त असतं. 2022 मध्ये चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या केसही छापून आल्या. चिंचेच्या 100 ग्रॅम गरात हे आम्ल 8 ते 18 ग्रॅम भरतं, द्राक्षाच्या कितीतरी पट. माणसाला ते बाधत नाही. कुत्र्याच्या किडनीला बाहेर टाकता येत नसावं, असा अंदाज आहे.

हे वाचलं तेव्हा मला एका आडत्याचं कुत्रं आठवलं. उलट्या होत होत्या. तोंड उघडून पाहिलं तर दाढांत चिंचेच्या शिरा अडकलेल्या. पाहिल्या, आणि गॅस्ट्रोचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी लघवी बंद. वाचलं नाही ते.

म्हणून ओकून मोकळा झाला, आता बरा, असं धरू नका. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढतं ते) एक ते तीन दिवसांत चढतं. खाल्ल्याखाल्ल्या आणलं तर आम्ही औषधानं उलटी करवतो (घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं वेगळंच दुखणं लागतं), दोन दिवस सलाईन लावतो आणि रोज रक्त तपासतो.

मोतीचं क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी 1.1 आलं, म्हणजे ठीक. चिंचेची बरणी सासूबाईंनी स्वतः फळीवर चढवली, हेही तुम्ही कळवलंत.