इजिप्तची ‘इर्प’: दारू, मद्य की वाइन?

प्रश्न असा आला आहे: प्राचीन इजिप्तवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘वाइन’ला दारू म्हणावं, मद्य म्हणावं की द्राक्षासव?

मी म्हणेन, सरळ ‘वाइन’ लिहा. ‘द्राक्षासव’ म्हटलं की वैद्यांनी दिलेली बाटली आणि जेवणानंतरचे दोन चमचे डोळ्यांपुढे येतात. ‘दारू’ म्हणताच भट्टीवर गाळलेली आठवते, आणि गाळलेली दारू त्या काळच्या इजिप्तात नव्हतीच. ‘मद्य’ चूक नाही, पण त्यात बिअरही येते. खरा घोळ तिथे आहे.

इजिप्शियन भाषेत वाइन म्हणजे ‘इर्प’ आणि बिअर म्हणजे ‘हेनकेत’. हेनकेत रोजची. कामगाराला मजुरी धान्यात मिळे, त्याचा पाव होई आणि बिअरही. इर्प मुख्यतः राजवाड्यातली, देवळातली आणि मृतांच्या नैवेद्यातली. साध्या माणसाच्या ओठी लागायची ती बहुधा सणासुदीला. इजिप्तातल्या बुबास्टिस गावच्या जत्रेत उरलेल्या वर्षभरापेक्षा जास्त वाइन रिचवली जाते, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय. याच गृहस्थांनी बिअरला ‘जवाची वाइन’ म्हटलं आणि इजिप्तात द्राक्षवेलीच नाहीत असंही ठोकून दिलं! इजिप्तातल्याच थीब्जला नख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात द्राक्षं तोडणारी आणि तुडवणारी माणसं हिरोडोटसच्या हजारेक वर्षं आधीच रंगवलेली आहेत. तेव्हा पिरॅमिड बांधणाऱ्यांना रोज ‘मद्य’ मिळे, असं लिहिलंत तर वाचक त्यांच्या हाती राजाचा पेला देईल. तिथे ‘बिअर’च हवी.

१९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यातल्या वाइनच्या कुंभांवर तर राज्यवर्ष, मळा आणि वाइन करणाऱ्या मुख्य माणसाचं नाव लिहिलेलं आहे. बिअरचे असे लाड कोण करणार?

अगदी देशी जोडीच हवी असेल तर संस्कृतात ती आहे: धान्याची ‘सुरा’ आणि द्राक्षांचं ‘मार्द्वीक’. कौटिल्याने द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटलंय, पण आज तो शब्द वापरलात तर वाचक मध समजेल.

‘शेदेह’ या आणखी एका इजिप्शियन पेयाचं नाव मात्र तसंच ठेवा. ते डाळिंबाचं पेय असं बरीच वर्षं छापलं जात होतं. तुतनखामुनच्याच एका कुंभातल्या अवशेषांची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते लाल द्राक्षांचं निघालं. ‘डाळिंबाची वाइन’ असं भाषांतर जुन्या पुस्तकांवरून उचलू नका.