प्रश्नपत्रिकेतली गणिताची चिन्हं दुसऱ्याच्या मोबाइलवर का बिघडतात? ती नीट कशी घालायची?

तुम्ही लिहिलंय की दहावीच्या भूमितीची सराव प्रश्नपत्रिका वर्डमध्ये केली, संगणकावर सगळं चोख होतं, पण सरांच्या मोबाइलवर त्रिकोणाच्या जागी इंग्रजी डी आला, ‘म्हणून’च्या जागी उलटी तिरकी रेघ, आणि काही ठिकाणी नुसते चौकोन. मी चाळीसगावात डीटीपीचं काम करतो. घटक चाचणी आणि सहामाही जवळ आली की पारोळा, भडगाव, धुळ्याकडचे शिक्षक प्रश्नपत्रिका पाठवतात. त्यांच्या जुन्या फाइलींत हा घोळ हमखास असतो.

तुमच्या फाइलीत त्रिकोण मुळात नव्हताच. ‘सिम्बॉल’ नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये कॅपिटल डीच्या घरात Δ काढून ठेवलाय, उलट्या तिरक्या रेघेच्या घरात ∴, स्मॉल पीच्या घरात π. संगणकानं साठवला तो डी, वरून फक्त फॉन्टचं नाव चिकटवलं. मोबाइलमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून डी उघडा पडला. कृतिदेव या जुन्या मराठी-हिंदी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून ज्यानं इंग्रजी अक्षरांचा खच पाहिलाय, त्याला हे लगेच कळेल. दुखणं एकच आहे.

म्हणून चिन्ह घ्यायचं ते युनिकोडमधलंच, म्हणजे सगळ्या संगणक-मोबाइलना सामाईक असलेल्या अक्षरयादीतलं. तिथे प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे: ∴ २२३४, ∵ २२३५, ∠ २२२०, ∥ २२२५, ≠ २२६०, ≤ २२६४, ≥ २२६५. √ साठी २२१ आणि त्याला जोडून इंग्रजी ए. वर्डमध्ये क्रमांक टंका आणि अल्ट धरून एक्स दाबा, चिन्ह उमटतं. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डचेच हवेत, देवनागरी आकड्यांनी काही होत नाही. आणि क्रमांकाच्या आधी दुसरा आकडा चिकटून असेल, म्हणजे ५ च्या लगेच पुढे ≤ हवं असेल, तर वर्ड पाचही आकडे एकत्र धरून भलतंच अक्षर देतो. तेव्हा तेवढे चार आकडे निवडून मग अल्ट-एक्स करा.

रोजचं काम असेल तर क्रमांक पाठ करत बसू नका. वर्डच्या ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये ‘मॅथ ऑटोकरेक्ट’ आहे. तिथले नियम समीकरणाच्या चौकटीबाहेरही वापरायची खूण करून ठेवा. मग उलटी तिरकी रेघ, तिला जोडून इंग्रजीत थीटा आणि स्पेस, एवढ्यावर θ येतो. माझं निम्मं काम यावरच चालतं.

लांब छताचं वर्गमूळ किंवा वर-खाली लिहिलेला अपूर्णांक हवा असेल तर एकट्या चिन्हानं भागत नाही. अल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून समीकरणाची चौकट उघडा. मराठी वाक्य त्या चौकटीबाहेरच ठेवा.

दोन चिन्हांबद्दल मी फार आग्रही आहे. गुणाकारासाठी इंग्रजी एक्स टंकू नका. बीजगणितात तोच चल असतो आणि पोरं गोंधळतात. खरं × अल्ट धरून नंबरपॅडवर ०२१५ दाबलं की येतं. ÷ साठी ०२४७, अंशासाठी ०१७६. दुसरं वजाचं चिन्ह. साध्या जोडरेघेपाशी ओळ तुटू शकते. मग रेघ एका ओळीच्या टोकाला आणि ५ पुढच्या ओळीत जातो. मुलगा धन ५ धरून उदाहरण सोडवतो, उत्तर चुकतं, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो. वजासाठी २२१२ टंकून अल्ट-एक्स करा.

मोबाइलवर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) इंग्रजी मांडणीत २ वर बोट दाबून ठेवलं की ² मिळतो, बरोबरच्या चिन्हावर ≠ आणि ∞. √ आणि π चिन्हांच्या दुसऱ्या पानावर आहेत. ∴ तिथे नाही. ते एकदा कॉपी करून वैयक्तिक शब्दकोशात छोट्या खुणेसह साठवा. व्हॉट्सॲपच्या साध्या ओळीत मुळाचं छत येत नाही, म्हणून कंस लिहा: √(अ + ब).

अशा एका ओळीत गणित मांडणं आपल्याला नवं नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढल्याचं त्यात कोरलंय. भास्कराचार्य बीजगणितात अव्यक्त राशीला, म्हणजे आपल्या चलाला, ‘या’ लिहीत, तिच्या वर्गाला ‘याव’, नुसत्या संख्येला ‘रू’, करणीला, म्हणजे पूर्ण न सुटणाऱ्या वर्गमुळाला, ‘क’. म्हणजे क ८ हे √८, आणि याव २ या ३ रू ५ ही आजची अख्खी द्विघाती राशी. वर्गात पोरांना हे जरूर दाखवा, त्यांचे डोळे चमकतात.

आता तुमची जुनी फाइल. रिप्लेसमध्ये शोधायच्या रकान्यात कॅपिटल डी टाका आणि फॉरमॅटमधून त्याचा फॉन्ट सिम्बॉल निवडा, म्हणजे शिरोबिंदूंचे खरे डी सुटतील. बदलायच्या रकान्यात △ चिकटवा आणि त्याला कॅम्ब्रिया मॅथ फॉन्ट द्या. फॉन्ट दिला नाहीत तर नव्या चिन्हालाही सिम्बॉलच चिकटून राहील. मग पीडीएफ करून आधी स्वतःच्या मोबाइलवर उघडा, आणि मगच सरांना पाठवा.