पत्त्यांचा पहिला प्लास्टिकचा कॅट घेताना

कोपरीत आमच्याकडे खाडीची दमट हवा. जुलैत कागदी पत्ते फुगतात, एकमेकांना चिकटतात. म्हणून तू प्लास्टिकचाच कॅट घे, पण डब्यावर '१०० टक्के प्लास्टिक' लिहिलंय का ते बघ. नुसतं 'प्लास्टिक कोटेड' म्हणजे आत कागदच. कोपाग आणि केम हे पत्त्यांचे ब्रँड. कोपागचे पत्ते पीव्हीसीचे, केमचे सेल्युलोज ॲसिटेटचे, दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार. मला केमचा स्पर्श फार आवडतो, किंचित मऊ, कागदाच्या जवळचा. नवे पत्ते पिसताना हातातून निसटतील. आठ-दहा डाव रमी खेळलास की हात बसेल. भज्यांचं तेल लागलं तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून ओल्या फडक्याने पूस आणि लगेच कोरडे कर. उन्हातल्या गाडीत मात्र कॅट ठेवू नकोस, पत्ते वाकतात. माझा एक सुंदर कॅट असाच गेला.