देवाकडे वशिला कशाला?

प्रश्न : आम्ही डिचोलीचे, हिंदू. आई दर वर्षी मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, फेस्ताला म्हापशाला तेल घेऊन जाते. सायबीण ही आमच्या लईराई देवीची बहीण, असे ती मानते. यंदा मीही सोबत गेलो. तिथे एक ख्रिस्ती मित्र भेटला. तो म्हणाला, देव आणि माणूस यांच्यामध्ये येशू हा एकच मध्यस्थ. मग सायबिणीपुढे एवढी रांग कशाला? आणि मुळात मध्यस्थ हवाच कशाला? तुकोबा विठ्ठलाशी थेट भांडायचे. देवाकडेही मामलेदार कचेरीसारखा वशिला लागतो काय?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : वशिला लागतो तो साहेब ओळखत नाही म्हणून. ख्रिस्ती माणसाची अडचण ती नव्हे. तो रोज ‘आमच्या स्वर्गातील बापा’ अशी थेटच हाक मारतो. अडचण आहे ती बिनसलेल्या नात्याची.

आमच्या घरचेच सांगतो. माझ्या लहानपणी धाकट्या काकांनी वडिलांना न विचारता घरचे शेत गहाण टाकले. कुवेतला जायचे होते. पैसे एजंटाने खाल्ले, काका इथेच राहिले. वडील त्यांच्याशी सात वर्षे बोलले नाहीत. एकाच घरात दोन चुली, आणि काका यायचे-जायचे ते मागच्या दाराने. वडील काही त्यांना मारणार नव्हते, पण काकांची मान वर होत नव्हती. शेवटी शमायने, म्हणजे आमच्या आजीने, हातातल्या चार पाटल्या शुक्रवारच्या बाजारादिवशी म्हापशाच्या सोनाराला दिल्या आणि शेत सोडवले. त्या संध्याकाळी बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, बाकावर दोघांच्या मधे बसली. एका हाताने वडिलांचे मनगट धरले, दुसऱ्याने काकांचे. बोलली काहीच नाही. तिचे उघडे हात मात्र आम्हा पोरांनाही दिसत होते.

पुढे बायबलात ईयोबाचे पुस्तक वाचले आणि शमाय आठवली. नवव्या अध्यायात ईयोब कळवळून म्हणतो की देव माझ्यासारखा माणूस नाही, आणि आम्हा दोघांवर हात ठेवील असा कोणी मधे नाही. मध्यस्थाची गरज ती हीच. दोन्हीकडे हात पोचायचा तर तो दोघांचाही असायला हवा. शमाय दोघांची आई होती. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, असे 451 साली खाल्सेदोनच्या धर्मसभेने ठासून मांडले, त्यामागे इतर वादांबरोबर हीही निकड होती. तुमच्या मित्राने सांगितलेले वाक्य तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले आहे, आणि तिथेही शब्द आहेत ‘ख्रिस्त येशू हा मनुष्य’.

यहुद्यांच्या मंदिरात अगदी आतल्या गाभाऱ्यात महायाजक वर्षातून एकाच दिवशी, बळीचे रक्त घेऊन जाई. येशूने क्रुसावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तय लिहितो. आत जायला आता कोणाची आडकाठी नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

शमायची गोष्ट एका जागी मात्र तोकडी पडते. आमच्या घरात मधे पडली ती तिसरी व्यक्ती. ख्रिस्ती श्रद्धेत ज्याचा अपराध झाला तोच मधे पडतो, पाटल्याही त्याच्याच जातात. रागावलेल्या देवाची कोणीतरी बाहेरून समजूत काढली, असे चित्र पुष्कळांच्या मनात असते, काही पाद्रींच्या प्रवचनातही ऐकले आहे. मला ते पटत नाही. देव स्वतःच ख्रिस्ताच्या ठायी जगाशी समेट करत होता, असे पौल करिंथकरांना लिहितो.

आता सायबीण. ‘नमान मोरिये’ ही मरियेची प्रार्थना म्हणताना आम्ही तिच्याकडे काय मागतो ते ऐका : आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. घरात कोणी आजारी पडले की शेजारणीला आपण ‘तूही देवाला सांग गो’ म्हणतो, त्यातलेच हे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेने 1964 साली स्पष्ट केले की मरियेचे मातृत्व ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीला झाकोळत नाही, तिची सगळी ताकद त्या मध्यस्थीतूनच येते. प्रोटेस्टंटांना एवढेही मान्य नाही, ते संतांकडे विनवणी करत नाहीत. आणि खरे सांगायचे तर रांगेतल्या कितीजणांना हा फरक ठाऊक असतो? माझ्या आईला नव्हता. ती सायबिणीशी थेट भांडायची, तुमच्या तुकोबांसारखी.

तुमचा मित्र पुढच्या वेळी हेही विचारील, म्हणून सांगून टाकतो. पाद्रीपुढे कुमसार, म्हणजे पापांची कबुली, करतो तेव्हा क्षमा पाद्री आपल्या खिशातून देत नाही, तो ख्रिस्ताच्या नावाने ती उच्चारतो. तरीही मी ईस्टरच्या आधी, ज्या पाद्रीला जरा कमी ऐकू येते त्याच्याच रांगेत उभा राहतो.