अमेरिकेत डायरेक्ट प्रायमरी केअर घेतलं तर इन्शुरन्स सोडता येईल का?

नाही, सोडू नका. डायरेक्ट प्रायमरी केअर (डीपीसी), म्हणजे डॉक्टरला थेट दरमहा फी देऊन घेतलेली प्राथमिक सेवा, ही इन्शुरन्सला जोड आहे, पर्याय नाही. महिन्याच्या ठरलेल्या फीमध्ये तपासणी, फोनवर सल्ला, बीपी-शुगरवर लक्ष, बरेचदा साध्या रक्तचाचण्याही होतात. पण इन्शुरन्स नसताना अपेंडिक्स फुटलं तर हॉस्पिटलचं अख्खं बिल तुमच्या माथी. शिवाय मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे), ४५ नंतरची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची तपासणी), लसी हे अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट या आरोग्यविमा कायद्यामुळे बहुतेक इन्शुरन्स प्लॅनमध्ये नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टरकडे फुकटच असतं, मग इन्शुरन्स सोडून त्यासाठी खिशातून पैसे कशाला? मला विचाराल तर मोठ्या डिडक्टिबलचा (इन्शुरन्स पैसे देण्याआधी स्वतः भरायच्या रकमेचा) प्लॅन अधिक डीपीसी ही जोडी बरी. नव्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून डीपीसीची फी एचएसएमधूनही (आरोग्यखर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातूनही) भरता येते. मात्र ती एकट्यासाठी महिना १५० डॉलर आणि कुटुंबासाठी ३०० डॉलरपेक्षा जास्त नको.