दहावीचा इतिहास-भूगोल पाठ करूनही गुण का मिळत नाहीत?

तुमची मुलगी गणित-विज्ञानात पुढे आहे, पण इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल तोंडपाठ करूनही चाळीसपैकी वीस-बावीसवर अडकते, असं तुम्ही लिहिलंय. मी सातारा जिल्ह्यात माध्यमिकला हेच विषय शिकवतो. पाठांतरात ती कमी पडतेय असं मला वाटत नाही. तिची घोकंपट्टी थोडी कमी करा, एवढंच आधी सांगतो.

भूगोलापासून सुरुवात करू, कारण तिथे गुण सर्वांत लवकर वाढतात. राज्य मंडळाचं २०१८ साली आलेलं दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोनच देशांवर उभं आहे. मुलं काय करतात, तर प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या असे पाठ सुटे सुटे पाठ करतात. खरं तर ती एकच गोष्ट आहे, पाठ बदलतो तसा तिचा पुढचा भाग येतो. ब्राझीलच्या पूर्वेकडचा अजस्र कडा बघा. समुद्रावरून येणारे वारे या कड्याला अडतात, किनाऱ्याच्या बाजूला पाऊस पडतो आणि मागचा ईशान्येचा उच्चभूमीचा भाग पर्जन्यछायेत, म्हणजे कड्याआड पाऊस पोचत नाही अशा जागी, जातो. तोच अवर्षण चतुष्कोण. पाऊस नाही म्हणून तिथे काटेरी खुरटी झुडपं, शेती बेभरवशाची आणि वस्ती विरळ. हा धागा हातात आला की तीन-चार पाठांतली ‘भौगोलिक कारणे लिहा’ आपोआप सुटतात. उलट ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाऊस भरपूर, तरीही वस्ती विरळच! असं का, हे मुलीला पुस्तक मिटून सांगू द्या. दमट उष्ण हवा, घनदाट जंगल, वाहतुकीची वानवा, एवढं तिच्या शब्दांत आलं तर उत्तर झालंच.

आमच्या मुलांना हे समजवायला मला ब्राझीलला जावं लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात उन्हाळा आला की पाण्याचे टँकर. सह्याद्रीने काय केलंय ते पोरांना जन्मापासून ठाऊक असतं, फक्त ते पेपरात लिहायचं असतं हे ठाऊक नसतं. तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत, पण असं जवळचं उदाहरण तुमच्याकडेही सापडेल.

इतिहासाची अडचण वेगळी आहे. यंदा राजे नाहीत, लढाया नाहीत. पहिलेच दोन पाठ इतिहासलेखनावर, म्हणजे इतिहास कसा लिहिला जातो यावर. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी युरोपीय विचारवंतांची नावं ओळीने येतात आणि मुलांचे डोळे फिरतात. (पंधरा वर्षांच्या मुलांना सुरुवातीलाच हे का द्यावं, याबद्दल शिक्षकांतही वाद आहेत. माझं मत, पाठ चांगला आहे, जागा चुकली.) इथे एक युक्ती चालते. प्रत्येक नावापुढे एकच ओळ लिहायची: हा माणूस भूतकाळाकडे बघून नेमकं काय विचारतो? रांके म्हणतो, मूळ कागद दाखवा. मार्क्स विचारतो, उत्पादनाची साधनं कोणाच्या मालकीची होती? इतिहासकार वि. का. राजवाडे मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रं शोधत गावोगाव हिंडले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, हे रांकेच्या ओळीत बसतं. पुढचे माध्यमं, खेळ, पर्यटन यांचे पाठ हलके आहेत, दोनदा नीट वाचले की पुरे.

राज्यशास्त्राला गुण कमी, म्हणून मुलं ते शेवटच्या रात्रीवर ढकलतात. पण आकडे थोडे आणि पक्के असलेला हा भाग आहे. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना संविधानात जागा मिळाली, २००५ ला माहितीचा अधिकार आला. जेवताना या गोष्टींवर बोला. तुमच्या वॉर्डात किंवा ग्रामपंचायतीत महिलांसाठी राखीव जागा कोणती, हे तिला शोधायला सांगा. महाराष्ट्रात ते आरक्षण आता ५० टक्के आहे.

आता पेपर. दोन तासांत चाळीस गुण, म्हणजे वेळ पुरतो. गुण जातात ते प्रश्नाचा प्रकार न बघितल्याने. ‘सकारण स्पष्ट करा’ म्हटलं की पाठातला सगळा मजकूर ओतायचा नसतो, कारणं मुद्द्यांत द्यायची. ‘फरक स्पष्ट करा’ असेल तर दोन रकाने आखून समोरासमोर मुद्दे. संकल्पनाचित्राच्या चौकटीत वाक्य नको, शब्द हवा. नकाशात माहिती अचूक भरूनही सूची (कोणती खूण कशाची, ते सांगणारी चौकट) न केल्याने गुण घालवणारी मुलं मी दर वर्षी बघतो. आलेखाला शीर्षक नाही, प्रमाण नाही, हेही तसंच.

एक करून बघा. तिची मागची तपासलेली उत्तरपत्रिका घ्या आणि गुण कापलेल्या प्रत्येक जागी पेन्सिलने लिहा: ‘माहीत नव्हतं’ की ‘माहीत होतं, मांडलं नाही’. दुसऱ्या प्रकारच्या जागा जास्त निघाल्या तर नवीन गाईड आणू नका, जुन्या प्रश्नपत्रिका आणून घड्याळ लावून लिहायला बसवा.